शिशाचे शिपाई

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर सँडगेट नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एका घरी जो कोणी पाहुणा म्हणून जाई, त्याला जेवणानंतर एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळे. चाळिशीच्या घरातला एक ठेंगणा, मिशाळ गृहस्थ जमिनीवर गुडघे टेकून बसलेला असे. त्याच्यासमोर लाकडी ठोकळ्यांची घरे, पुठ्ठ्याच्या भिंती, बागेतून खुडून आणलेल्या डहाळ्यांची झाडी, आणि त्या साऱ्यांच्या आडोशाला शिशाचे इवलेइवले शिपाई असत. एक डोळा मिटून तो खेळण्यातल्या तोफेने नेम धरी, आणि पलीकडचा एखादा घोडेस्वार कोलमडून पडला की त्याच्या मुद्रेवर निर्भेळ आनंद पसरे. मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीची कथा लिहून ज्याने जगाला थरारून सोडले, तो एच. जी. वेल्स हाच.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळील ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे छोटे दुकान होते. दुकानात गिऱ्हाईक बेताचेच. त्यामुळे क्रिकेटचे साहित्यही तेथेच विकावयास ठेवलेले असे. जोसेफ स्वतः नामांकित गोलंदाज होते. १८६२ साली ससेक्सविरुद्धच्या सामन्यात त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. परंतु खेळातील कीर्तीने घरातील चूल पेटत नसे. आई सारा हिने लग्नापूर्वी मोठ्या घरी दासी म्हणून काम केले होते, आणि पुढे संसार चालेना तेव्हा तिला पुन्हा त्याच घरी कारभारीण म्हणून जावे लागले.

हर्बर्ट सात वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. क्रिकेटच्या मैदानावर एका तरुणाने कौतुकाने त्याला उचलून वर उडवले, आणि झेलताना त्याचा हात चुकला. कित्येक आठवडे मुलगा अंथरुणास खिळून राहिला. त्या काळात वडील त्याच्यासाठी वाचनालयातून पुस्तके आणीत. दूरदूरचे देश, अनोळखी प्राणी, जुन्या लढाया हे सारे त्या खोलीत त्याच्या भोवती गोळा झाले. मोडलेले हाड यथाकाल जुळले, पण वाचनाची गोडी लागली ती कायमची. आपला पाय त्या दिवशी मोडला नसता तर आपण जन्मभर दुकानातच राबलो असतो, असे वेल्स पुढे मानीत असत.

याच वयात त्याला आणखी एक छंद जडला, आणि तो कोणालाही दिसत नव्हता. नऊ ते तेरा वर्षांच्या दरम्यान हा अशक्त, साध्या कपड्यांतला मुलगा शीळ घालीत ब्रॉम्लीच्या रस्त्यांवरून एकटाच हिंडे. लोकांना वाटे, पोर रिकामटेकडे भटकत आहे. त्याच्या मनात मात्र त्या वेळी घनघोर संग्राम चाललेला असे. गावाजवळची टेकडी म्हणजे शत्रूचे ठाणे! स्वार त्याचे हुकूम घेऊन दौडत, तोफा जागा बदलीत, आणि अखेरीस विजयी सेनापती शहरात प्रवेश करी. हा सेनापती अर्थातच हर्बर्ट असे. दिवाळीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मुलामुलींना या सुखाची कल्पना सहज येईल.

ही स्वप्ने चौदाव्या वर्षी एकाएकी मिटली. आईने त्याला कापडाच्या व्यापारात उमेदवारीस घातले. साउथसी येथील दुकानात दिवसाचे तेरा तास काम करावे लागे. कापडाचे तागे उलगडावयाचे, पुन्हा गुंडाळावयाचे, आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच दालनात झोपावयाचे. दोन वर्षे त्याने हे सोसले. मग एका रविवारी पहाटे तो उठला आणि सुमारे सतरा मैल चालत आईकडे गेला. आपण आता त्या दुकानात राहणार नाही, हे त्याने तिला निक्षून सांगितले. त्या काळी करार मोडणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. उमेदवारीसाठी भरलेले पैसे बुडत होते. तरीही त्याने हट्ट सोडला नाही, आणि मिडहर्स्ट येथील शाळेत विद्यार्थी-शिक्षकाची जागा मिळवली. पुढील वर्षी, १८८४ मध्ये, शिष्यवृत्ती घेऊन तो लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाला. तेथे थॉमस हक्स्ले यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याला वर्षभर शिकावयास मिळाले. ते वर्ष वेल्स यांनी आयुष्यभर मोलाचे मानले.

पुढे शिक्षकाची नोकरी, आजारपण आणि लेखन अशी काही वर्षे गेली. १८९५ साली ‘टाइम मशीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वेल्स यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यानंतरच्या त्यांच्या कथा मासिकांतून क्रमशः येऊ लागल्या. मंगळवासीयांच्या स्वारीची कथा १८९७ साली ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये अशीच महिन्यामहिन्याने प्रसिद्ध झाली. लेखनाने घरात पैसा आला. सँडगेटला नवे घर उभे राहिले. जॉर्ज आणि फ्रँक असे दोन मुलगे झाले. आणि मग ब्रॉम्लीच्या रस्त्यावर हरवलेले ते सैन्य पुन्हा एकदा परत आले. या खेपेस ते डोळ्यांना दिसणारे होते.

त्या सुमारास खेळण्यातल्या शिपायांच्या धंद्यात मोठा बदल घडून आला होता. पूर्वी असे शिपाई मुख्यतः जर्मनीतून येत. ते भरीव असल्यामुळे जड आणि महाग पडत. १८९३ साली विल्यम ब्रिटन या इंग्रज कारागिराने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतावयाचे, आणि बाहेरचा थर घट्ट होताच आतील पातळ धातू लगेच परत ओतून घ्यावयाचा. शिल्लक राहतो तो पोकळ शिपाई. धातू कमी लागल्यामुळे किंमत उतरली. दोन इंचांहून किंचित उंच असे हे शिपाई हाताने रंगवून पेटीत बांधले जात, आणि मध्यम स्थितीतील घरांतही त्यांच्या पलटणी जमू लागल्या. त्याचबरोबर स्प्रिंगवर चालणारी एक लहान तोफही मिळू लागली होती. तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटे. नऊ यार्डांवरून दहांपैकी नऊ वेळा शिपाई पाडता येतो, अशी वेल्स यांनी तिची वाखाणणी केली आहे.

खेळाचा प्रारंभ अगदी सहज झाला. एके दिवशी भोजनानंतर वेल्स यांचे एक मित्र, विनोदी लेखक जेरोम, मुलांच्या पसाऱ्याजवळ बसले होते. त्यांनी तोफ उचलली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला. मग दुसऱ्याला आव्हान दिले. बघता बघता दोन पोक्त माणसे जमिनीवर आली. रणभूमी सजवण्यासाठी प्रथम ज्ञानकोशाचे जाडजूड खंडच डोंगर म्हणून मांडले गेले. दक्षिण आफ्रिकेतील युद्धातून परतलेला एक कॅप्टन पुढे या मंडळीत सामील झाला, आणि त्याच्या अनुभवाने खेळाला शिस्त आली.

नियमांवाचून खेळ म्हणजे नुसती तोफबाजी होत असे. म्हणून वेल्स यांनी एकेक नियम बसवला, खेळून पाहिला, पसंत न पडल्यास टाकून दिला. शेवटी जे ठरले ते असे. पायदळाने एका खेपेस एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट. अंतर दोरीच्या तुकड्याने मोजावे. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसे असल्याखेरीज ती उडवता येणार नाही. लढाईपूर्वी रणभूमीच्या मध्यावर पडदा टांगावा, म्हणजे शत्रूने सैन्य कसे मांडले हे कळणार नाही. सर्वांत कठोर नियम वेळेचा होता. दर तीस माणसांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. एकशे दहा माणसे व तीन तोफा असल्यास खेळाडूला सात मिनिटे मिळत. सात मिनिटे संपली की हात मागे! उरलेले शिपाई जेथे असतील तेथेच राहत. या घाईगर्दीत शहाण्यासुरत्या माणसांच्याही हातून भलत्याच चुका होत.

मुलांसाठी घरात जमिनीवरचे इतर खेळही चालत. बेटे, शहरे, आगगाड्या यांची रचना होई. त्यांवर वेल्स यांनी १९११ साली एक पुस्तक लिहिले, आणि त्यात दुकानदारांविषयी एक तक्रार नोंदवली. बाजारात पाहावे तिकडे शिपाईच शिपाई. शहर वसवावयाचे तर साधे नागरिक हवेत, आणि नेमके तेच मिळत नाहीत. ही तक्रार खेळण्यांपुरतीच होती, असे म्हणवत नाही.

१९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक बाहेर पडले. त्यापूर्वी तो मजकूर ‘विंडसर मॅगझिन’मध्ये आला होता. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ १८२४ पासून प्रचारात होता. पण घरी बसून कोणालाही मौजेने खेळता येईल असे नियम देणारे हे पुस्तक फार गाजले. त्याच्या शेवटी वेल्स यांनी खेळ बाजूला ठेवून गंभीर सूर लावला आहे. हा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहणाऱ्याला खरे युद्ध केवढी घोडचूक असते ते उमजेल, असे त्यांचे म्हणणे. खेळात चुकलेल्या सेनापतीमुळे कोणाचे घर जळत नाही, कोणाची आई रडत नाही. ज्या राजांना आणि सरदारांना लढाईची खुमखुमी आहे, त्यांना एका मोठ्या खोलीत भरपूर शिपाई देऊन कोंडावे, असेही त्यांनी सुचवले. वाचक हसले असतील.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. आता नवल वाटेल, पण वेल्स त्या युद्धाचे समर्थक बनले. हे युद्ध जर्मनीच्या लष्करशाहीचा अंत करील आणि त्यानंतर युद्धच उरणार नाही, अशी त्यांची कल्पना झाली. त्यांनी लेखांवर लेख लिहिले, आणि युद्धाचा अंत करणारे युद्ध हा शब्दप्रयोग त्यांच्या पुस्तकाच्या नावावरून सर्वत्र रूढ झाला. ज्याने युद्धाची घोडचूक बैठकीच्या खोलीत ओळखली होती, तोच प्रत्यक्ष प्रसंगी फसला. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईला तोंड लागले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातील एकोणीस हजारांहून अधिक माणसे ठार झाली. त्याच वर्षी वेल्स यांनी इटली आणि फ्रान्समधील आघाड्या स्वतः पाहिल्या. पुढे आत्मचरित्र लिहिताना, युद्धाच्या आरंभीचा आपला उत्साह भाबडा होता, ही कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली.

युद्ध संपल्यावर ते एका नव्या उद्योगाला लागले. प्रत्येक देश आपल्या मुलांना आपल्याच लढायांचा इतिहास शिकवतो, म्हणून वैर संपत नाही, असे त्यांना वाटू लागले होते. तेव्हा सर्व मानवजातीचा एकच इतिहास लिहावा! नोव्हेंबर १९१९ पासून तो ग्रंथ पाक्षिक भागांच्या रूपाने निघू लागला. एकूण चोवीस भाग होते. वर्गणीदार दर पंधरवड्याला एक भाग घेत आणि शेवटी बांधणी करून कपाटात ठेवीत. तज्ज्ञांनी त्यात चुका काढल्या. तरीही खप अफाट झाला.

१९३४ सालच्या आत्मचरित्रात वेल्स पुन्हा ब्रॉम्लीच्या त्या शीळ घालणाऱ्या मुलाकडे वळले. त्या वेळी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. वेल्स यांना त्याच्यात आपलेच तेरा वर्षांचे स्वप्न खरे होऊन आलेले दिसले. स्वतःकडे इतक्या परखडपणे पाहणारे लेखक थोडेच. मुलगा मोठा होऊन ती स्वप्ने शिशाच्या शिपायांत खेळून संपवतो. काही माणसे मात्र मोठी होतच नाहीत, हे त्यांना दिसत होते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असतानाही त्यांनी आपले तेथील घर सोडले नाही. १९१४ च्या एका कादंबरीत त्यांनी अणुबाँबची कल्पना केली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे तसे बाँब खरोखर पडलेले त्यांना पाहावे लागले. १३ ऑगस्ट १९४६ रोजी ते निवर्तले.

त्यांचा खेळ मात्र चालू राहिला. आता हे छोटे सैनिक बहुधा प्लॅस्टिकचे असतात आणि रंग न देता विकले जातात. बारीक कुंचल्याने त्यांचे डोळे, पट्टे, ढाली रंगवणे हाच अनेकांचा मुख्य आनंद असतो. २००२ साली इंग्लंडात ‘बॅटल गेम्स इन मिडल-अर्थ’ नावाचे पाक्षिक निघाले. त्याच्या अंकांबरोबर असे सैनिक येत, ते कसे रंगवावे आणि कसे लढवावे हे आत छापलेले असे. टॉल्किन यांच्या कथेतील ती सेना पंधरवड्या-पंधरवड्याने कित्येक घरांत गोळा झाली. अंतर मोजण्यासाठी खेळाडू आता पट्टी वापरतात. वेल्स यांच्या हातात दोरीचा तुकडा असे.