फ्रान्समधला एक वकील जहाजात बसून चिलीला गेला आणि थेट राजा झाला, पण राजवाडा काही मिळाला नाही

इंग्लंडच्या समुद्रात सीलंड नावाचा एक 'देश' आहे. देश म्हणजे काय, तर दुसऱ्या महायुद्धातला एक जुना लष्करी चौथरा. तरी त्यांचा स्वतःचा झेंडा आहे, स्वतःचा राजपुत्र आहे, आणि पैसे भरले की कुणालाही ऑनलाइन 'लॉर्ड' होता येतं. लोक हौसेने किताब घेतात आणि फेसबुकवर टाकतात.

आपल्याला वाटतं ही इंटरनेटच्या जमान्यातली फॅड आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वी एका गड्याने हेच सगळं करून ठेवलं होतं. घटना लिहिली, झेंडा ठरवला, नाणी पाडली, पदकं वाटली. फरक एवढाच की, त्याच्या राज्यात खरी माणसं राहत होती आणि त्यांच्या दारात खरं लष्कर येऊन उभं होतं.

त्याचं नाव ओरेली आंतुआन द तुनांस.

तर आंतुआनचा जन्म १८२५ सालचा. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या एका शेतकरी घरातला. घरात पोरांची रांग, त्यातलाच हा एक. शिकला, वकील झाला, पेरिग्यू शहरात प्रॅक्टिस सुरू केली. चारचौघांसारखं आयुष्य चाललं होतं, पण डोक्यात राजेशाही. आपल्या घराण्यात पूर्वी मोठी सरदारकी होती, असं त्याला मनापासून वाटायचं. त्यासाठी कोर्टात जाऊन त्याने आडनावाआधी खानदानी 'द' लावून घेतला.

त्यात त्याच्या वाचनात आला 'ला आराउकाना' हा ग्रंथ. अलोन्सो दे एर्सिया नावाच्या स्पॅनिश सैनिकाने सोळाव्या शतकात लिहिलेलं हे महाकाव्य. दक्षिण अमेरिकेतल्या मापुचे लोकांनी स्पॅनिश फौजांना कसं झुंजवलं, याची ती गोष्ट. गड्याने ठरवलं, आपलं राज्य इथेच. १८५८ साली, म्हणजे इकडे भारतात कंपनीचा कारभार संपून राणीचा सुरू झाला त्याच वर्षी, वकिली सोडून तो चिलीला उतरला. दोन वर्षं तिथे राहून स्पॅनिश शिकला.

आता हे मापुचे कोण?

चिलीच्या दक्षिणेला बिओबिओ नावाची नदी आहे. नदीच्या खालचा भाग म्हणजे आराउकानिया, मापुचे लोकांचा मुलूख. अख्खा खंड जिंकत आलेल्या स्पॅनिश लोकांना इथे मात्र हात टेकावे लागले. १६४१ साली किलीन इथे तह झाला आणि बिओबिओ नदी ही हद्द ठरली. पुढे स्पेन गेलं, चिली स्वतंत्र झाला. १८२५ साली, म्हणजे आपला आंतुआन जन्मला त्याच वर्षी, चिलीनेही तापिवे इथे मापुचेंसोबत करार केला. त्यातही नदीची हद्द कायम राहिली.

पण १८५० नंतर वारं फिरलं. चिलीला गव्हासाठी जमीन हवी होती. लोक नदी ओलांडून शेतं धरू लागले. मापुचेंना कळलं होतं की, आता फौज येणार.

नेमक्या याच वेळी हा दाढीवाला फ्रेंच वकील तिथे पोहोचला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही वेगवेगळ्या टोळ्या म्हणून लढलात तर जगात कुणी विचारणार नाही. एक राज्य करा, घटना करा, राजा नेमा, म्हणजे युरोपातले देश तुमच्याशी बरोबरीने बोलतील. फ्रान्सची मदत मी आणतो.

मापुचेंमध्ये एक राजा ही भानगडच नव्हती. प्रत्येक गटाचा आपला प्रमुख, त्याला म्हणायचे लोन्को. युद्धापुरता सगळ्यांचा मिळून एक सेनापती निवडायचे. अभ्यासकांचा एक अंदाज असा आहे की, लोन्कोंनी आंतुआनकडेही अशाच नजरेने पाहिलं असावं. राजा वगैरे त्याच्या डोक्यात, यांना हवा होता बंदुका मिळवून देणारा माणूस. किलापान नावाचा तरुण लोन्को त्याच्या बाजूने उभा राहिला.

१७ नोव्हेंबर १८६० ला फर्मान निघालं. आराउकानियाचं राज्य स्थापन झालं आणि आंतुआन झाला राजा ओरेली आंतुआन पहिला. तीनच दिवसांनी दुसरं फर्मान काढून त्याने शेजारचा पॅटागोनियाही राज्याला जोडून टाकला. म्हणजे खंडाच्या पार शेपटापर्यंतचा मुलूख एका सहीत! वंशपरंपरागत राजेशाही, मंत्रिमंडळ, कायदेमंडळ, सगळं कागदावर तयार. झेंडा निळा, पांढरा, हिरवा. चिलीच्या राष्ट्राध्यक्षांना तसं रीतसर पत्रही धाडलं.

राजवाडा? तो नव्हताच. लाकूड आणि गवताने शाकारलेल्या मापुचे घराला रुका म्हणतात. राजेसाहेब अशाच घरांमध्ये पाहुणे म्हणून राहायचे आणि घोड्यावरून मुलूख फिरायचे.

चिलीने सुरुवातीला हसण्यावारी नेलं…

पण हा गडी लोन्कोंना एकत्र करतोय म्हटल्यावर प्रकरण गंभीर झालं. आराउकानिया घ्यायची मोहीम कर्नल कोर्नेलियो सावेद्रा यांच्याकडे होती. जानेवारी १८६२ मध्ये आंतुआनच्याच सोबतच्या माणसाने खबर दिली आणि राजा पकडला गेला. लॉस आंखेलेस गावात त्याला महिनोन् महिने तुरुंगात ठेवलं. आजारपणाने तो पार खंगला. शेवटी कोर्टाने त्याला वेडा ठरवलं. वेड्यांच्या इस्पितळात जायची वेळ आली होती, पण फ्रेंच प्रतिनिधी मध्ये पडला आणि राजाला फ्रान्सच्या जहाजात बसवून परत पाठवण्यात आलं.

त्याला वेडा ठरवण्यात चिलीची सोयही होती. राजा वेडा म्हटलं की त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या लोकांचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सावेद्रांनी नदीच्या दक्षिणेला आंगोलचा तळ उभा केला.

फ्रान्सनेही हात वर केले. सम्राट तिसरा नेपोलियन या भानगडीत पडला नाही. पण आंतुआन गप्प बसला नाही. १८६९ ला तो पुन्हा गेला, किलापानला भेटला आणि १८७१ ला रिकाम्या हाताने परतला. १८७४ ला खोट्या नावाने निघाला तर अर्जेंटिनातच पकडला गेला. १८७६ ला चौथ्यांदा गेला आणि तिथे आजारी पडून परत आला.

मग या सगळ्याला पैसा कुठून आला?

तर इथे येतात ती पदकं. आंतुआनने 'पोलादी मुकुट' नावाचा किताब सुरू केला आणि त्याच नावाचं वर्तमानपत्रही काढलं. ज्याला छातीवर पदक लावून मिरवायची हौस, त्याने राजाला मदत करायची. १८७४ ची तारीख असलेली तांब्याची नाणीही पाडली, त्यावर नाव होतं 'नवा फ्रान्स'. विचार करा, मापुचेंच्या स्वातंत्र्यासाठी काढलेल्या राज्याच्या नाण्यावर मापुचेंचं नावच नव्हतं.

१७ सप्टेंबर १८७८ ला तुर्तुआराक नावाच्या छोट्या गावात, नातेवाइकांच्या आधाराने राहत असताना, हा राजा गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही, खिशात पैसा नाही.

१९३३ साली मॉन्टेविडिओ करारात देश कशाला म्हणायचं याच्या चार अटी लिहिल्या गेल्या. कायमची लोकसंख्या, ठरलेली हद्द, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवायची क्षमता. आंतुआनकडे कागद होते, पण लोक आणि जमीन त्याची नव्हती. मापुचेंकडे लोक होते, जमीन होती, दोनशे वर्षांपूर्वीच्या तहाने ठरलेली हद्द होती, पण त्यांचे कागद कुणी मानले नाहीत. १८८३ पर्यंत चिलीने आराउकानिया पूर्ण ताब्यात घेतला आणि मापुचेंना राखीव तुकड्यांवर बसवलं. पलीकडे अर्जेंटिनाच्या फौजेनेही १८८५ पर्यंत पॅटागोनियात तेच केलं.

आंतुआनची गादी मात्र संपली नाही. त्याच्यानंतर रेम्सचा एक फ्रेंच माणूस अशील पहिला म्हणून राजा झाला. त्याने आराउकानियात पाऊल न ठेवता पॅरिसमध्ये बसून किताब वाटले. फ्रान्समध्ये ही गादी आजही एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पदकं दिली जातात. तुर्तुआराकमध्ये राजाची कबर आहे, या राजांचं संग्रहालयही आहे.

आणि मापुचे? ते आजही चिलीत आपल्या जमिनीसाठी कोर्टात आणि रस्त्यावर लढतायत.