शंभर कुत्री तपासणारा डॉक्टर

बोकड किंवा मेंढरू कापल्यावर कधी कधी कलेजीवर, फुप्फुसावर पाण्याने भरलेली पांढरी गाठ निघते. आपण ती काढतो आणि वाट बघत बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. याच सवयीने आइसलंड हा देश एकेकाळी जेरीस आला होता. त्याचा छडा हाराल्ड क्राब्बे यांनी लावला.

क्राब्बे मूळचे डेन्मार्कचे. जन्म १८३१ चा. शिकले माणसांची डॉक्टरी, पण शिकवत कोपनहेगनच्या पशुवैद्यकीय व शेतकी महाविद्यालयात. जंत हा त्यांचा खास विषय. आइसलंड तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होते. मेंढरांचा मुलूख, त्यामुळे कुत्र्याशिवाय चालायचे नाही. तिथे माणसांच्या पोटात मोठमोठ्या गाठी होत आणि कित्येक जण त्यातच दगावत.

१८६३ साली क्राब्बे तिकडे गेले. कुत्र्यांची आतडी उघडून तपासली. शंभरात २८ कुत्र्यांत हा जंत सापडला. कोपनहेगनकडच्या ५०० कुत्र्यांत तो फक्त दोघांत होता. जंत केवढा, तर पाच-सहा मिलिमीटर! नुसत्या डोळ्याला दिसला तर दिसला. माणसाच्या पोटातली गाठ कुत्र्याला खाऊ घातली तर तोच जंत तयार होतो, हेही त्यांनी तिथले डॉक्टर फिन्सेन यांच्याबरोबर पाहिले.

म्हणजे फेरा असा: गाठ कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात जंत होतात. जंताची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर जातात. तिथून ती मेंढराच्या नाहीतर माणसाच्या पोटात गेली की परत गाठ. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. आणि कुत्रं मात्र धडधाकट दिसतं, म्हणून कोणाला संशय येत नाही.

क्राब्बे यांचे मला सगळ्यात पटलेले काम पुढचेच आहे. १८६४ साली त्यांनी तिथल्या लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका काढली. सरकारने ती घरोघरी फुकट वाटली. गाठी जाळा किंवा पुरा, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, गरजेपेक्षा जास्त कुत्री पाळू नका, त्यांना जंताचे औषध द्या, असा तो सरळ सल्ला. लांबच्या हिवाळ्यात वाचायला दुसरे फारसे नसे, म्हणून लोकांनी ती खरोखर वाचली म्हणतात. (आमची घडीपत्रके ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहतात, ती गोष्ट वेगळी.) १८६९ साली कुत्री पाळण्याबद्दल हुकूम निघाला, १८९० साली कायदा झाला. पुढच्या पिढ्यांत रोग उतरत गेला आणि विसाव्या शतकात तिथून नाहीसा झाला.

क्राब्बे यांनी १८७१ साली आइसलंडच्याच मुलीशी लग्न केले. १९१७ साली ते वारले.

आपल्याकडे हा रोग अजून आहे. गावच्या जत्रेत, कंदुरीला कापणाऱ्यांनी गाठी रॉकेलने जाळाव्यात किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल पुराव्यात. पाळीव कुत्र्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध आहे; मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.