धारच्या मैनाबाईसाहेब पवार

माळव्यात मराठी घरे स्थायिक झाली त्याला आता पावणेतीनशे वर्षे होऊन गेली. देवासची थोरली पाती, धाकटी पाती आणि धार ही पवारांची तिन्ही संस्थाने आपल्या मुलांना नावाने ठाऊक असतात. पण धारची गादी एका विधवा बाईने राखली, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून या अंकात आम्ही मैनाबाईसाहेबांचे चरित्र देत आहोत.

मागची हकीकत आधी सांगायला हवी. १७६१ साली पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले, तेव्हा मुलगा खंडेराव अगदी लहान होता. कारभार दिवाणांकडे गेला. १७८० मध्ये खंडेरावही वारले आणि त्यांचा मुलगा आनंदराव बाप गेल्यावर जन्मला. तो वाढला बडोद्याला, आजोळी गायकवाडांकडे. सतराव्या वर्षी तो धारला आला तेव्हा हक्क त्याचा होता, पण माणसे त्याची नव्हती! दिवाण उलटला, शिंदे आणि होळकर यांच्या फौजा मुलखात येऊन गेल्या आणि एकेक परगणा हातचा सुटला. आमच्या मते लढाईपेक्षा हे परकेपणच त्यांना अधिक भोवले.

१८०७ मध्ये आनंदराव वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. धारेत मुरारीराव नावाचा दुसरा हक्कदार उभा राहिला होता. बाई मांडवगडावर गेल्या. (सहलीला मांडूला जाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.) तिथे मुलगा झाला, नाव रामचंद्रराव. पुढे त्या धारला परतल्या, तर मुरारीरावापासून त्यांच्या जिवालाच धोका होता. त्या तान्ह्या मुलासह किल्ल्यात शिरल्या. बाहेर वेढा पडला. दुसरा बाजीराव पेशवा १७७५ साली जन्मला तो याच किल्ल्यात, त्याची आई आनंदीबाई आश्रयाला आली असताना. मैनाबाईंनी बडोद्याकडे मदत मागितली, गायकवाडांची फौज आली आणि मुरारीरावाला पळावे लागले.

एवढे करून काही वर्षांतच ते मूल गेले.

इथे दुसरी कोणी बाई खचली असती आणि तिला कोणी नावे ठेवली नसती. मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, शेजारच्या सरदारांची संमती मिळवली आणि त्याचे नावही रामचंद्ररावच ठेवले. पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालू होता, संस्थान जवळजवळ धार शहरापुरतेच उरले होते. पण मुलाला त्यांनी दूर सुरक्षित ठिकाणी धाडले नाही. तो धारेतच, आपल्याच माणसांत वाढला. दिवाण म्हणून बापू रघुनाथ लाभले, तेही कर्तबगार निघाले.

पेंढारी युद्ध संपता संपता १८१८ च्या डिसेंबरात देवासच्या दोन्ही पात्यांनी इंग्रजांशी तह केला आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारचा तह झाला. बदनावर, बैरसिया हे गेलेले परगणे परत मिळाले. हा तह म्हणजे स्वातंत्र्य गहाण टाकणेच होते, असे आज म्हणता येईल, आणि ते खोटेही नाही. पण बाईंसमोर पर्याय कोणते होते तेही पाहावे. जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात त्यांची हकीकत नोंदवली आहे.

मुलाचे लग्न शिंद्यांच्या घराण्यातील अन्नपूर्णाबाईंशी झाले. ज्यांच्या फौजांनी धार लुटली, तेच व्याही झाले! रामचंद्रराव वयात आले आणि धारच्या गादीवर बसून त्यांनी कारभार पाहिला. १८३३ मध्ये ते वारले, आणि धारच्या गादीवर पुन्हा एकदा दत्तक मुलगा बसला. यशवंतराव त्याचे नाव.