उभय लोकांचा राजा आणि त्याचा पोरका राजपुत्र

लोंढा सोडून आगगाडी धारवाडच्या दिशेने निघाली की घाटमाथ्यावरचे दाट रान हळूहळू विरळ होते आणि हुबळी येईपर्यंत दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरलेला दिसू लागतो. हुबळी-धारवाड म्हटले की आमच्या वाचकांना मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, गंगूबाई हनगल आठवतात. सुरांची आणि विद्येची ही भूमी सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या टापांखाली तुडवली जात होती आणि धोंडिया वाघ हे नाव तेथील गावोगाव भीतीने, क्वचित आशेने, उच्चारले जात होते. १० सप्टेंबर १८०० रोजी हा पुरुष रणात पडला. त्याचे चरित्र आज पुन्हा सांगावे असे आम्हाला वाटते, कारण त्यात एका माणसाच्या साहसाइतकीच एका राज्याच्या ऱ्हासाची कहाणी सामावलेली आहे.

धोंडिया जन्मला चन्नगिरी येथे, पवार घराण्यातील एका मराठा कुटुंबात. तरुणपणी तो हैदरअलीच्या घोडदळात शिरला. पुढे कॉर्नवॉलिसने टिपूविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्या धामधुमीत त्याने म्हैसूरची चाकरी सोडली आणि लक्ष्मेश्वरच्या देसायाच्या आश्रयाला येऊन राहिला. १७९२ साली तह झाला. तहाने राजांना शांती मिळते, परंतु शिपायांची भाकरी जाते. अशा भाकरी गेलेल्या स्वारांना गोळा करून धोंडियाने धारवाडच्या आसपासचा मुलूख लुटण्यास आरंभ केला आणि १७९३ मध्ये हावेरी व सावनूर ताब्यात घेतले. हा मुलूख तेव्हा मराठ्यांचा. साहजिकच पुण्याच्या दरबाराने धोंडोपंत गोखले यांना त्याच्यावर धाडले. गोखल्यांनी १७९४ मध्ये त्याचा मोड केला. एकाच भाषेच्या दोन माणसांमधील हे वैर येथे जन्मले आणि पुढे दोघांपैकी एकाचा बळी घेऊनच थांबले.

हरलेला धोंडिया दोनशे स्वारांनिशी टिपूच्या दारात गेला. टिपूने त्याला ठेवून घेतले, परंतु धर्मांतराची अट घातली. धोंडियाने नकार दिला, तेव्हा बळाने त्याचे धर्मांतर करण्यात आले आणि पुढे त्याला श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात टाकण्यात आले. मलिक जहान खान हे त्याचे दुसरे नाव त्या काळातले. सुमारे पाच वर्षे हा वाघ पिंजऱ्यात होता. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि विजयाच्या गोंधळात इंग्रजी शिपायांनी बंदीखान्याची दारे उघडली. ज्याला आपण मोकळा करीत आहोत तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पुढील काही आठवड्यांत त्याने जे केले ते खरोखर विस्मयकारक होय. टिपूच्या विस्कटलेल्या सैन्यातील बेकार स्वार त्याच्याभोवती जमले आणि बिदनूरचा मुलूख त्याने हां हां म्हणता व्यापला. इंग्रजांनी दोन बाजूंनी पाठलाग केल्यावर तो तुंगभद्रेपलीकडे मराठी हद्दीत उतरला. तेथे जुने वैरी गोखले टपलेलेच होते. त्यांनी त्याची छावणी लुटली, हत्ती आणि तोफा काढून घेतल्या. काही काळ त्याने कोल्हापूरकरांची चाकरी धरली, परंतु तीही टिकली नाही. म्हैसूरने तुरुंगात टाकलेला, पुण्याने हाकललेला, कोल्हापुरात न रुजलेला हा माणूस १८०० च्या आरंभी पुन्हा धारवाडच्या मुलखात अवतरला तो हजारो स्वार घेऊनच. ज्याला कोणत्याच राज्यात जागा उरली नव्हती, त्याने मग स्वतःलाच राजा म्हणवून घेतले. त्याने धारण केलेली पदवी होती उभयलोकाधीश्वर, म्हणजे इहलोक आणि परलोक या दोहोंचा स्वामी. या पदवीला हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी हातभर भूमी नव्हती, त्याने दोन्ही लोकांवर हक्क सांगावा, यातील वेदना आम्हाला हसण्याहून मोठी वाटते.

त्या वेळी श्रीरंगपट्टणला आर्थर वेलस्ली नावाचा एक कर्नल होता. पंधरा वर्षांनी वॉटर्लूच्या रणात नेपोलियनचा पराभव करणारा, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला ठाऊक झालेला तोच हा पुरुष. धोंडियाला संपवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यासाठी मराठी हद्दीत फौज घालणे भाग होते आणि दुसऱ्या बाजीरावाने आढेवेढे घेत का होईना, तशी परवानगी दिली. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत घातक गोष्ट धोंडियाची लूट नव्हे, ही परवानगी होय.

जूनअखेर वेलस्लीने हरिहरपाशी तुंगभद्रा ओलांडली. परंतु त्याची फौज येऊन पोहोचण्याआधीच, ३० जून रोजी, कित्तूरजवळ धोंडियाने गोखल्यांना गाठले. धोंडोपंत रणात पडले. त्यांचे पुतणे बापू गोखले जखमी होऊन हल्याळच्या बाजूला निघाले. धोंडियाने गोखल्यांच्या रक्ताने मिशा रंगवण्याची शपथ घेतली होती आणि ती त्या दिवशी पुरी केली, असे सांगतात. मूळचे कोकणातले गोखले आणि चन्नगिरीचा पवार, दोघेही मराठे राज्याच्या उपयोगी पडू शकले असते. ते कित्तूरच्या परिसरात एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा तिसरा हरिहरहून निघालेलाच होता.

यानंतरचे दोन महिने म्हणजे एक अखंड पाठलाग. जुलैत वेलस्लीने हुबळीनजीकचे कुंदगोळ घेतले, २६ तारखेला डंबळ घेतले, पाठोपाठ गदग हस्तगत केले. ३० तारखेला मलप्रभेकाठी मुनवळीजवळ धोंडियाची एक छावणी अचानक गाठली गेली आणि पुरात कित्येक माणसे व जनावरे बुडाली. एकेक गढी जात होती, बाजारबुणगे गळत होते. शेवटी निजामाच्या मुलखात, रायचूरकडील कोणगल येथे, पाचेक हजार स्वारांसह तो वेलस्लीच्या वाटेत सापडला. वेलस्लीने चार घोडपथके एका रांगेत उभी केली आणि स्वतः पुढे होऊन हल्ला चढवला. धोंडिया ठार झाला. त्याचे प्रेत तोफेच्या गाड्यावर बांधून छावणीत आणण्यात आले.

लुटीच्या सामानात तेथे एक चार वर्षांचे मूल सापडले. धोंडियाने मुलगा म्हणून वाढवलेला हा सलाबतखान. फिरत्या राज्याचा हा इवलासा राजपुत्र ज्याने बापाला मारले त्याच्याच तंबूत नेण्यात आला. वेलस्लीने त्याला आपल्या आश्रयाला ठेवले आणि १८०५ साली हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनासाठी पैसे ठेवले. मोठा झाल्यावर सलाबतखान म्हैसूरच्या महाराजांच्या सेवेत दाखल झाला आणि १८२२ साली पटकीने मरण पावला. बाप ज्या म्हैसूरच्या तुरुंगात खितपत पडला, त्याच म्हैसूरची चाकरी मुलाने इमानाने केली. वेलस्लीच्या ठायी असलेली ही माणुसकी आम्ही नाकारत नाही. शत्रूच्या लेकराला कुरवाळण्याइतके मोठे मन त्या दिवसांत सर्वांकडेच नव्हते. मात्र त्याच हातांनी पुढे काय केले, तेही विसरून चालणार नाही.

१८०३ च्या मार्चमध्ये वेलस्ली पुन्हा तुंगभद्रा उतरला. या खेपेस त्याला ठाव पुण्याचा घ्यायचा होता. वाटा पाहिलेल्या होत्या, गढ्या पाहिलेल्या होत्या, पटवर्धनांची आणि गोखल्यांची ओळख झालेली होती. २० एप्रिलला तो पुण्यात पोहोचला आणि वसईचा तह करून बसलेला बाजीराव मेमध्ये पुन्हा गादीवर आला, तो इंग्रजांचा अंकित म्हणून. सप्टेंबरात असईची लढाई झाली. धोंडियाच्या पाठलागात तरलेले बापू गोखले पेशवाईचे सेनापती झाले आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या रणात इंग्रजांशीच लढताना कामास आले.

इंग्रजी कागदांनी धोंडियाला लुटारू ठरवले, तर अलीकडे काही जण त्याला स्वातंत्र्यवीर म्हणू लागले आहेत. आम्हाला दोन्ही टोके मान्य नाहीत. हावेरी-सावनूरच्या रयतेने त्याच्या स्वाऱ्यांत काय भोगले हे झाकून त्याच्या गळ्यात हार घालणे हा त्या रयतेवर अन्याय ठरेल. परंतु त्याला नुसता दरोडेखोर म्हणणे हेही सत्याला सोडून आहे. तीन दरबारांना ज्याच्या तलवारीचा उपयोग करता आला नाही, त्याची तलवार अखेर सर्वांवर उलटली, एवढेच खरे. कर्तबगार माणसाला जे राज्य आपल्या घरात जागा देत नाही, ते त्याला उंबऱ्याबाहेर वैरी म्हणून उभा करते आणि मग त्याच्या बंदोबस्तासाठी परक्याला अंगणात बोलावते. अंगणात आलेला परका माजघरात शिरायला किती वेळ लागतो, हे आमच्या पूर्वजांनी तीन वर्षांत पाहिले. धारवाडच्या काळ्या मातीने हा धडा एकदा दिलेला आहे. तो तिने पुन्हा द्यावा लागू नये, एवढीच आमची इच्छा.