दानशूर शेठ जमनालालजी बजाज

सिंदी (रेल्वे) येथे दर्शनास आलेले बहुतेक भाविक पुढे वर्धा, सेवाग्राम व पवनार ही स्थळे पाहण्यास जातात. वर्ध्यातील श्री लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी चुकवू नये. ज्यांच्यामुळे या मंदिराचे नाव देशभर झाले, त्या शेठ जमनालालजींचा अल्प परिचय येथे देत आहोत.

जमनालालजींचा जन्म दि. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या गावी, सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य शेठ बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. सतराव्या वर्षी दागिन्यांवरून आजोबांनी कठोर शब्दांत सुनावले, तेव्हा संपत्तीवरील हक्क लेखी सोडून हा मुलगा घराबाहेर पडला. आजोबांनी मनधरणी करून त्यांना परत आणले खरे. परंतु पुढे वारसा हाती आल्यावरही आपण त्या धनाचे केवळ विश्वस्त आहोत, हीच त्यांची भावना राहिली. सरकारने दिलेली रायबहादुरीही असहकाराच्या काळात त्यांनी परत केली.

लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजजींनी बांधलेले. त्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बंद होते. सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता, स्वतःच्या समाजाचा रोषही ओढवणार होता. तरीही जमनालालजींनी मंदिराच्या विश्वस्तांची संमती मिळवली आणि जुलै १९२८ मध्ये विनोबाजींच्या सोबतीने या बांधवांनी गाभाऱ्यातील देवाचे दर्शन घेतले. मंदिर बांधण्यास द्रव्य लागते. ते उघडण्यास काय लागते, हे देणगीदार बंधूभगिनींनी तेथे उभे राहून अवश्य मनात आणावे.

महात्माजी वर्ध्यास आले ते त्यांच्याच आग्रहाने. ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच आजची मगनवाडी. १९३६ साली बापू ज्या सेगावात राहावयास गेले, तेथे जमनालालजींची मालगुजारी होती. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. पवनारला धाम नदीकाठी विनोबाजी १९३८ मध्ये राहावयास गेले, तो बंगलाही त्यांचाच.

अखेरच्या काळात त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले व गोपुरी येथे साध्या झोपडीत राहू लागले. दि. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे त्यांचे देहावसान झाले. गोपुरी परिसरातच, शिळांवर संपूर्ण गीताई कोरलेले छतविरहित गीताई मंदिर आहे.