रविवारची सुट्टी मालकांच्या दयेतून मिळालेली नाही

भारतातील कामगार चळवळीचा इतिहास सांगणारे विद्वान बहुधा १९२० साली स्थापन झालेल्या आयटकपासून सुरुवात करतात. त्याआधी ३६ वर्षे मुंबईच्या परळमध्ये गिरणी कामगारांची सभा भरली होती आणि ती भरवणारा माणूस महात्मा जोतीराव फुले यांचा सत्यशोधक अनुयायी होता, ही गोष्ट एखाद्या तळटीपेत उरकली जाते. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे त्या माणसाचे नाव. आज मूठभर धनदांडग्यांपुढे सरकारे, वृत्तवाहिन्या आणि कायदेही वाकताना दिसतात. म्हणून लोखंड्यांचे चरित्र पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातले पाहिजे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात जन्मले. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिले. कामाची वेळ दिवस उगवण्यापासून मावळण्यापर्यंत. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. पगार महिना उलटून गेला तरी हातात नाही. उशीर झाला की दंड. यंत्रात हात गेला तर मालक बघणार नाही आणि मुकादमाला चिरीमिरी दिल्याशिवाय काम टिकणार नाही.

हे हाल केवळ मालकांच्या दुष्ट स्वभावामुळे होत नव्हते, त्यामागे पैशाची एक व्यवस्था होती, ती समजून घेतली पाहिजे. गिरणीत भांडवल भागधारकांचे असे, पण कारभार मॅनेजिंग एजंट म्हणवणाऱ्या पेढीच्या हाती असे. बऱ्याच गिरण्यांत या एजंटाला सुताच्या रतलामागे पाव आणा दलाली मिळे. गिरणीला नफा होवो की तोटा, दलाली ठरलेली. मग एजंटाचे हित कशात? जास्तीत जास्त तास यंत्रे चालवण्यात. तोटा भागधारकाचा, घाम कामगाराचा, दलाली एजंटाची. या सत्तेवर लगाम कोणाचा? कोणाचाच नाही. मालकांनी आपली संघटना १८७५ सालीच बांधली होती. कामगार मात्र विस्कळीत आणि निरक्षर होता.

सरकारने १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा केला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, एवढाच त्याचा जीव. तोही शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्यात काहीही नव्हते.

लोखंड्यांकडे पैसा नव्हता, पण वृत्तपत्र होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ बंद पडले, तेव्हा लोखंड्यांनी १८८० पासून ते मुंबईतून चालवले. शेतकऱ्याची आणि गिरणी कामगाराची बाजू एकाच पानावर मांडणारे हे पत्र होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघात झाल्यास भरपाई.

या मागण्यांना विरोध कोणी केला, हे आजच्या तरुणांनी नीट वाचावे. मालकांनी तर केलाच. पण राष्ट्रीय म्हणवणारी बहुतेक वृत्तपत्रेही मालकांच्या बाजूने उभी राहिली. त्यांचे म्हणणे असे की, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको आहे, म्हणून ते इथे कायदा आणवत आहेत. देशी उद्योग वाचवायचा तर कायदा नको. यात अर्धे सत्य होते. लँकेशायरवाल्यांना मुंबईच्या कामगाराचा कळवळा नव्हताच. पण विलायती मालकाचा स्वार्थ खरा आहे म्हणून देशी मालकाचे शोषण पुण्य ठरते का? परळच्या चाळीत झोपणाऱ्या कामगाराला चौदा वर्षांखालच्या पोरासकट राबवणे हे देशकार्य कसे? लोखंडे या जाळ्यात अडकले नाहीत. धनिकाच्या तिजोरीवर देशाचा झेंडा टाकला की तिजोरी देशाची होत नाही, हे सत्यशोधकाला कळले होते.

असोसिएशनला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लेखी नियम नव्हते. एवढ्यावरून काही अभ्यासक ती खरी युनियनच नव्हे म्हणतात. पण त्याच असोसिएशनच्या हाकेला २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळात किती सुशिक्षित घरांतल्या बायका व्यासपीठावर होत्या? १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेला रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्याच वर्षी नेमलेल्या कमिशनच्या मुंबईतील कामात लोखंड्यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती कायद्याने बंधनकारक झाली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर, नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे सात तासांवर आले आणि कायदा पन्नास कामगारांच्या कारखान्यालाही लागू झाला. प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादा मात्र १९११ पर्यंत आली नाही.

लोखंड्यांचे काम गिरणीच्या फाटकाशी थांबले नाही. विधवांचे केशवपन करण्यास नाभिकांनी नकार द्यावा म्हणून त्यांनी सभा घेतली. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत ते शांततेसाठी फिरले. पुढे मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, लोखंडे गरिबांच्या वस्तीत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. त्यानंतर महिनाभरात सावित्रीबाईही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले ते २००५ साली.

लोखंड्यांच्या लढ्यात एक प्रश्न शिल्लक राहिला होता. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप केला. परळच्या सभेत सुरू झालेली वाट इथे जातीच्या प्रश्नाला येऊन मिळाली.

आता कायद्याकडे पाहू. १८८१ ते १८९१ या दहा वर्षांत शंभरचा आकडा पन्नासवर आला, म्हणजे संरक्षण वाढले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत आकडे उलट दिशेने गेले आहेत. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याचे आणि सेवाशर्तींचे स्थायी आदेश करण्याचे बंधन शंभर कामगारांवरून तीनशे कामगारांवर गेले. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस कामगारांवर गेली. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती, ती आता सर्वच उद्योगांना लागली. समर्थनही जुनेच आहे : देशाचा उद्योग वाढला पाहिजे.

उद्योग वाढावा, याबद्दल वाद नाही. पण कायद्यातील हा आकडा म्हणजे एक कुंपण आहे. ते सरकले की कुंपणाबाहेर पडणारा कामगार बहुतेक वेळा आपल्याच समाजाचा असतो, कारण लहान कारखान्यात, कंत्राटावर, सफाईवर तोच आहे. त्यामुळे आपल्या वस्तीत जयंतीच्या वर्गणीची यादी होते तशी कामगारांची यादीही झाली पाहिजे : कोण कुठे लागला, किती जणांच्या कारखान्यात, पगार किती तारखेला मिळतो. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या जमवल्या तेव्हा त्यांच्याकडे ना मोबाईल होता, ना राज्यघटना. आपल्याकडे दोन्ही आहेत.