सुझुकी हे एका सुताराचं आडनाव आहे

तुमच्या घरी मारुती ८०० होती का? तुमच्याकडे नसेल तर मामाकडे, काकाकडे, नाहीतर शेजारच्या काकूंकडे तरी असणारच. चौघांच्या गाडीत सात जण कोंबून वेरूळला जायचं. घृष्णेश्वराचं दर्शन, येताना खुलताबादची भद्रा मारुती, आणि एसी म्हणजे हाताने फिरवून खाली केलेली काच. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय जुनी गाडी जागची हलायची नाही. आता इन्स्टावर याच गाड्यांचे रील्स फिरतात आणि खाली कमेंटमध्ये सगळे हळवे होतात. पण एक सांगा, मारुती आपला, हे कळलं. सुझुकी कोण?

बऱ्याच जणांना ते फक्त कंपनीचं नाव वाटतं. ते एका माणसाचं आडनाव आहे. मिचिओ सुझुकी. आणि हा माणूस मुळात गाडीवाला नव्हता, सुतार होता.

१८ फेब्रुवारी १८८७ला जपानमधल्या हमामात्सू गावाजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरी कापसाची शेती. म्हणजे मराठवाड्यातल्या मुलाला वेगळं काही समजावून सांगायला नको. लहानपणी शेतात राबले आणि १४व्या वर्षी एका सुताराकडे सात वर्षांच्या करारावर काम शिकायला राहिले. नशीब बघा, मध्येच १९०४मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालं. घरं बांधायची कामं आटली. मग उस्तादाने धंदा बदलला आणि तो हातमाग बनवायला लागला. शिकाऊ मिचिओंपुढे दुसरा पर्यायच नव्हता, तेही माग बनवायला शिकले. माग हा त्यांनी निवडलेला विषय नव्हता. तुमच्यातल्या किती जणांना आपल्या पसंतीची ब्रँच मिळालीय, सांगा.

करार संपल्यावर त्यांनी स्वतः बनवलेला पहिला माग आईला दिला. आईचं विणकाम हाताने चालायचं, खूप वेळ जायचा. या नव्या मागाला पायाने चालवायची सोय होती आणि काम कितीतरी पटीने झपाट्याने व्हायला लागलं. शेजारपाजारच्या बायकांनी ते पाहिलं आणि मागणी सुरू झाली. १९०९मध्ये रेशमाचे किडे पाळायच्या एका जुन्या जागेत मिचिओंनी स्वतःचा कारखाना टाकला. वय २२. (माझंही तेवढंच आहे, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला.)

आता थोडं मागाबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे. कापडात उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा धोट्यातून इकडून तिकडे पळतो. एकाच रंगाचं कापड असेल तर प्रश्न नाही. पण आडवे पट्टे हवे असतील तर प्रत्येक रंगाला थांबा, धोटा बदला, पुन्हा सुरू करा. आपल्या जुन्या शहरात कुणी हिमरू विणताना पाहिला असेल किंवा पैठणला पैठणीच्या मागापाशी तुम्ही उभे राहिला असाल, तर रंग बदलताना किती वेळ जातो ते माहीत असेल. मिचिओंनी दोन धोटे ठेवायची पेटी असलेला माग बनवला. पट्ट्यांचं कापड त्यावर भराभर निघायला लागलं. त्यांच्या नावावर आयुष्यात १२०हून जास्त पेटंट आणि तत्सम हक्क नोंदले गेले. १९२०मध्ये ५ लाख येन भांडवलावर रीतसर कंपनी झाली. पुढे आग्नेय आशियात लोक कमरेला गुंडाळतात त्या सारोंगचं कापड विणणारे मागही त्यांनी बनवले आणि ते तिकडे विकले. सारोंग म्हणजे आपल्या लुंगीची बहीणच.

धंदा मस्त चालला होता. मग गाडीचं खूळ कुठून आलं?

तर मागाची अडचण अशी, की चांगला माग एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. गिऱ्हाईक परत येत नाही. माल जितका चांगला, तितकी दुसरी विक्री लांब. हे मिचिओंच्या लक्षात आलं होतं आणि त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं. १९३०च्या दशकात त्यांनी इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी गाडी विकत घेतली. फिरायला नाही, खोलायला. सगळी खोलली, समजून घेतली आणि १९३९पर्यंत स्वतःच्या गाडीचे काही नमुने तयारही केले. इंजिन ८०० सीसीच्या आतलं, ताकद १३ हॉर्सपॉवर. ८०० हा आकडा लक्षात ठेवा.

ती गाडी बाजारात आलीच नाही. युद्ध पेटलं, सरकारने खासगी गाड्यांना गरजेची वस्तू मानायला नकार दिला आणि कारखान्यात लष्कराचा माल बनू लागला. जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेली मंडळी हा भाग सहसा गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. हमामात्सूवर बॉम्ब पडले, त्याआधी १९४४चा मोठा भूकंप झाला, आणि १९४५मध्ये मिचिओंच्या हातात जवळपास मोडकळीला आलेला कारखाना होता. वय ५८. कंपनीने पोटासाठी शेतीची अवजारं, हीटर, खिडक्यांच्या कड्या, हार्मोनिकाचे सुटे भाग असलं काहीही बनवलं. अमेरिकेने जपानला कापूस पाठवायला परवानगी दिल्यावर माग पुन्हा जरा चालले, पण १९५०मध्ये संपाने कंपनीला जेरीला आणलं आणि १९५१मध्ये कापसाचा बाजार कोसळला. ज्या मागावर नाव कमावलं, तोच आता पगार काढून देईना.

आपल्याकडे या वयात लोक रिटायरमेंटचा केक कापतात. मिचिओंच्या कंपनीने १९५२मध्ये सायकलला बसवायचं ३६ सीसीचं छोटं इंजिन बाजारात आणलं. नाव पॉवर फ्री. ही कल्पना त्यांचे जावई शुंझो यांची. लोकांकडे गाडीला पैसे नव्हते, सायकल मात्र होती. गिऱ्हाईकाकडे जे आहे त्यालाच इंजिन लावून द्यायचं, इतका साधा हिशोब. तो जमला. १९५४मध्ये कंपनीच्या नावातून माग गेला आणि मोटर आली. ऑक्टोबर १९५५मध्ये सुझुलाइट नावाची गाडी आली, ३६० सीसी, टू-स्ट्रोक, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. त्या काळात हे धाडस होतं. आपल्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षं ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवरच चालत राहिल्या. सुरुवातीला सुझुलाइट महिन्याला मोजक्याच बनायच्या. पण ऑस्टिन खोलल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी सुताराची स्वतःची गाडी रस्त्यावर होती.

१९५७मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्यांनी अध्यक्षपद सोडलं. खुर्ची शुंझोंकडे गेली. मुलगा नसेल तर जावयालाच दत्तक घेऊन आडनाव पुढे न्यायची पद्धत जपानमध्ये आहे. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक हसतात, तिकडे त्याच्यावर कंपन्या चालल्या. पुढे १९७८मध्ये प्रमुख झालेले ओसामू सुझुकी हेही असेच दत्तक जावई, शुंझोंचे. त्यांनी १९७९मध्ये जपानमध्ये स्वस्तातली अल्टो आणली, आणि भारत सरकारच्या मारुती उद्योगशी हात मिळवले तेही त्यांनीच.

आता तारखा बघा. मारुती आणि सुझुकीचा करार झाला २ ऑक्टोबर १९८२ला. मिचिओ सुझुकी वारले २७ ऑक्टोबर १९८२ला, वयाच्या ९५व्या वर्षी. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची चावी तिच्या मालकाला दिली. इंजिन ७९६ सीसी. युद्धाने अडवलेल्या त्या १९३९च्या गाडीचं इंजिन आठवा. मिचिओंनी तो दिवस पाहिला नाही. आपली ८०० त्यांनी काढली असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, ते श्रेय पुढच्या पिढ्यांचं. पण कमी पैसेवाल्याच्या दारात जाईल इतकी छोटी आणि सोपी वस्तू बनवायची सवय त्या घराला आईच्या मागापासून होती, एवढं मी म्हणेन.

आणि हे आपल्या शहरात का वाचायचं? बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार म्हणून २०२४मध्ये राज्य सरकारशी करार झाला, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी स्टेटस ठेवले होते. टोयोटाची सुरुवातही मागापासूनच. साकिची टोयोदा हे हमामात्सूच्या शेजारच्या भागातले, तेही सुताराचे पोर आणि तेही माग बनवणारे. एका विणकरांच्या मुलखातून दोन गाड्या निघाल्या. आपल्याकडे हिमरू आहे, पैठणी आहे, वाळूज-शेंद्र्यात कारखाने आहेत. फक्त मागावरचा माणूस आणि कारखान्यातला माणूस यांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

राहिला प्रश्न घरच्या ८००चा. एप्रिल २०१०मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले आणि पुणे, मुंबई, सोलापूरसह १३ शहरांत तिची विक्री थांबली. त्या यादीत आपलं शहर नव्हतं, त्यामुळे इथे ती त्यानंतरही मिळत होती. शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली जानेवारी २०१४मध्ये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ठेवायची तर आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी नवी नोंदणी. म्हणजे आपल्या भागातल्या शेवटच्या ८००ची पंधरा वर्षं या काही वर्षांतच भरतायत. भंगारवाल्याला फोन लावण्याआधी कपाटातलं आरसी बुक काढून तारीख तेवढी बघून घ्या.